'अचानक'ला जरा सुट्टी द्या!

आपल्या हॉस्टेलवर हल्ली सगळं 'अचानक'च होतं. अचानक लाईट जाते, अचानक पेपर पुढं ढकलला जातो, अचानक पोट बिघडतं (त्यात मेसचा काही संबंध नसतो म्हणे!). ज्याला 'अचानक'ही जड वाटतं तो 'सडनली' म्हणून मोकळा!

माझं मत असं, की हा शब्द चुकीचा नाही, पण आळशी आहे. काहीतरी झालं एवढंच तो सांगतो, कसं झालं ते सांगत नाही. आपल्या बारामती-इंदापूरकडच्या बोलण्यात ऊस काडकन मोडतो, टायर फाटकन फुटतो, डोळ्यांत टचकन पाणी येतं. प्रत्येक 'अचानक' वेगळं! गॅरेजवाला विचारतो, "गाडी फटकन बंद पडली का झटके देत?" फटकन असेल तर तो आधी करंट बघतो, झटके देत असेल तर पेट्रोल. म्हणजे अर्धं निदान शब्दातच झालं की!

आपला अभ्यासक्रम तरी वेगळं काय सांगतो? ओतीव लोखंड काडकन तुटतं, माईल्ड स्टील आधी ताणतं. तोच भार हळूहळू न देता एकदम सोडला, तर ताण दुप्पट येतो.

स्पॅनिशमध्येही अशी गंमत आहे. 'दे रेपेन्ते' म्हणजे साधं अचानक. पण 'दे गोल्पे'मधला 'गोल्पे' म्हणजे फटका. एकदम रडू लागण्याला ते 'रोम्पेर आ योरार' म्हणतात, आणि 'रोम्पेर' म्हणजे मोडणं, फुटणं. आपल्यालाही रडू 'फुटतं'च ना?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. अशा वेळी 'अचानक वारा आला' म्हटलं की विषय संपतो. आभाळ कधी भरलं, वारा कसा वाढला, परत फिरायला वेळ होता का, हे विचारायचंच राहून जातं. आणि पुढची बोट वाचते ती याच प्रश्नांनी.

उद्या आपल्यालाच कुठल्यातरी प्लँटवर ब्रेकडाऊनचा रिपोर्ट लिहायचाय. तेव्हा 'मशीन अचानक बंद पडलं' एवढ्यावर थांबू नका. खाडकन, घरघरत, की गरम होत होत? तेवढं लिहा. बघा पटतंय का!