हळदीचा हिशेब

पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी समाजात लग्नविधीचा मान परंपरेने धवलारिणीचा. मांडवात बसून ती धवले, म्हणजे लग्नगीतं, गाते, देवांना आणि पूर्वजांना लग्नाचं आवतण देते. तिच्या गाण्याच्या ओघातच हळदीपासूनचे विधी पुढे सरकतात. धवले पोथीत नसतात. थोरलीकडून धाकटीने ऐकून पाठ करायचे असतात. मांडव घालणं, तांदूळ निवडणं, पंगती वाढणं ही कामंही भाऊबंद आणि शेजारी वाटून घेत. आज त्याच्या घरी, उद्या आपल्या घरी, हा भातलावणीचाच रिवाज लग्नात चाले.

या रिवाजाचा पाया शेतात होता. ते शेतच पुढे गेलं. सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी १९७० मध्ये स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. जानेवारी १९८४ मध्ये या संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी जमीन गेलेल्यांना हे प्रमाण साडेबावीस टक्के झालं. हा हक्क रक्त सांडून मिळवलेला आहे, मेहेरबानीचा नव्हे.

पण शेत दरवर्षी पिकतं, भूखंड एकदाच विकला जातो. हातात एकरकमी पैसा आला, लावणी संपली आणि एकमेकांची गरजही संपली. मांडव कंत्राटदाराचा, जेवण केटररचं, गाणं डीजेचं. हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी झाली: रोषणाई, मटणाच्या पंगती, दारू. कामाला येणारे भाऊबंद आता पाहुणे म्हणून येतात आणि शेजारच्या हळदीशी तुलना करून जातात. या चढाओढीत खरी होरपळ होते ती भूखंड नसलेल्याची किंवा तो विकून बसलेल्याची. तोही कर्ज काढून तेवढीच हळद करतो.

रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे; ऐपतीबाहेरच्या खर्चाला ती घालता येत नाही. ते काम गावकीचं. हळद साधी करायचा ठराव गावकीने करावा आणि पहिली साधी हळद गावातल्या सर्वांत पैसेवाल्या घरी व्हावी. गरिबाने खर्च आवरला तर त्याला कंजूष म्हणतात. श्रीमंताने आवरला तरच त्याची रीत होते.