सात आसनांचा हिशेब

घरात शाळेत जाणारी दोन-तीन मुले आणि आजी-आजोबा असले, की सात आसनी गाडीचा विषय निघतोच. आमच्या मते मात्र आसने मोजण्यापूर्वी दप्तरे मोजावीत. सातही आसने वापरात असताना ट्रायबरमध्ये सामानासाठी ८४ लिटर जागा उरते, एर्टिगामध्ये २०९. ट्रायबरची तिसरी रांग काढल्यास ६२५ लिटर जागा होते. पण मग ती पाच आसनीच की! एर्टिगात सीएनजीची टाकी बसविली, तर मागची बहुतेक जागा तीच व्यापते.

शिवाय मागच्या रांगेत बसणार कोण? आजींचे गुडघे तेथवर जाऊ देत नाहीत, म्हणजे मुलेच. तेव्हा गाडी पाहावयास जाताना त्यांना दप्तरांसह न्यावे, चढू-उतरू द्यावे, पट्टा त्यांचा त्यांना लावता येतो का ते पाहावे.

वर्षातून एकदा गावी जाण्यासाठी तीन लाख रुपये अधिक कर्ज घेतल्यास, ९ टक्के दराने पाच वर्षे दरमहा सुमारे ६,२२८ रुपयांचा हप्ता वाढतो. त्यापेक्षा त्या फेरीपुरती भाड्याची गाडी परवडते. ज्यांच्या घरून रोज सकाळी सहा माणसे एकदम बाहेर पडतात, त्यांनी मात्र हप्त्याच्या धास्तीने पाच आसनी घेऊन मुलांना मांडीवर बसवू नये.