नोंदवही आधी, उतारा मग

पिंगळीसारख्या गावातल्या शेतकऱ्याला 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. पण जाणता खातेदार उताऱ्यावर थांबत नाही, फेरफार क्रमांक पाहतो. जुना उतारा आणि त्यानंतरचे सगळे फेरफार क्रमाने हाती असले, की आजचा उतारा पुन्हा उभा करता येतो. डेटाबेसचा लॉग ही अशीच फेरफार नोंदवही. बदल आधी तिच्यात लिहिला जातो, मग तक्त्यात. तीच नोंद दुसऱ्या सर्व्हरवर चालवत राहिले की रेप्लिकेशन. जपून ठेवली की आर्काइव्ह.

रेप्लिकेशन आणि आर्काइव्हची ही सोय बसवणे सोपे करू नये, असे काही जाणकार म्हणतात. सोपे केले की अर्धवट माणसे हात घालतील, हे तज्ज्ञांचेच काम आहे, असा त्यांचा आक्षेप. पण 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत तज्ज्ञच बसले होते. अडकलेले रेप्लिकेशन दुरुस्त करताना मुख्य सर्व्हरवरचाच डेटा चुकून पुसला गेला. नेहमीचा बॅकअप आवृत्त्यांच्या घोळामुळे आधीच बंद पडला होता आणि ते कोणाला कळलेही नव्हते. सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या. किचकट मांडणी तज्ज्ञालाही सोडत नाही. मग तालुक्याच्या पतसंस्थेतल्या एकट्या ऑपरेटरने काय करावे?

दुसरा आक्षेप वेगाचा. लॉग थोडा जास्त लिहावा लागतो, हे खरे. तरीही पोस्टग्रेस या डेटाबेसने 2017 च्या दहाव्या आवृत्तीत रेप्लिकेशनला लागणारा लॉग मुळातच चालू ठेवला. तो निर्णय योग्यच होता.

सर्वांत घातक समज तिसरा: दुसऱ्या सर्व्हरवर प्रत आहे, मग आर्काइव्ह कशाला? चुकीने दिलेली ‘डिलीट’ची आज्ञा काही क्षणांत त्या प्रतीवरही पोचते. चुकीच्या आधीच्या क्षणाला परत जायचे तर पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचा अखंड लॉग, दोन्ही लागतात. आणि नेमके हेच आर्काइव्ह पोस्टग्रेसमध्ये अजून बंद येते. चालू करायला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, लॉग कुठे व कसा ठेवायचा तेही आपणच लिहून द्यायचे. जतन अडले तर लॉग साचून डिस्क भरते, म्हणून सोपेपणात वेळेवरचा इशाराही आलाच पाहिजे. लॉग कुठे जपायचा, हा प्रश्न डेटाबेस बसवतानाच विचारला जावा.

तोवर आपल्या संस्थेच्या संगणक पुरवठादाराला विचारा: काल दुपारी चारची स्थिती परत आणता येईल का? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. वेगळ्या संगणकावर आणून दाखवायला सांगा.