रविवारी येतो, काका

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शेजारच्या फ्लॅटमधले काका लिफ्टपाशी भेटले. वय ७७, एकटेच राहतात. म्हणाले, "अरे, पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर होतो म्हणे. जरा करून देशील?" मी म्हटलं, "रविवारी येतो, काका."

काम किती? आधार नंबर टाकायचा, कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, संपलं. पण रविवारी चर्चहून आलो, जेवलो आणि झोपलो. पुढच्या रविवारी रिलीज होतं. त्याच्या पुढच्या रविवारी... खरं तर काहीच नव्हतं. शेवटी काका बँकेत गेले, रांगेत चक्कर येऊन पडले. कपाळाला ३ टाके.

वॉचमनकडून हे कळल्यापासून मी जिन्याने जायला लागलो. लिफ्टपाशी गाठ नको!

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. शेजाऱ्यावर प्रेम करायचं, हे संडे स्कूलपासून पाठ. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तर म्हणून चांगल्या शोमरोन्याची गोष्ट येते. मला तर तो प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. माझा शेजारी कोण, ते समोरच्या पाटीवरच लिहिलंय.

मग कृपा कुठे येते? देव क्षमा करतो, विषय संपला? तुम्ही म्हणाल, हा तर सोयीचा हिशेब झाला. मान्य. बॉनहॉफर या जर्मन पाळकाने १९३७ सालच्या पुस्तकात याच 'स्वस्त कृपे'ला झोडपलं होतं.

मला पेत्राची गोष्ट जास्त पटते. येशूला पकडलं त्या रात्री, अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत पेत्राने त्याला तीनदा नाकारलं. योहानाच्या २१व्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, तळ्याकाठी पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे. त्यावर मासे ठेवलेत. येशू आधी सगळ्यांना जेवायला घालतो. मग पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का? म्हणजे झालेलं झाकलेलं नाही. पण हाकललेलंही नाही. उलट प्रत्येक उत्तरानंतर मेंढरं सांभाळायचं काम सोपवलंय.

आमच्याकडे सर्व्हर पडला की 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' होतं. दोष माणसाचा नाही, प्रोसेसचा. सिस्टिमसाठी ते उत्तमच आहे. पण काकांच्या बाबतीत कुठली प्रोसेस फेल झाली होती? मीच झालो होतो. माझ्या मते कृपा म्हणजे, चूक तुझीच आहे असं स्पष्ट ऐकायला मिळणं आणि तरीही दार बंद न होणं. एकदा हे पटलं की सबबी शोधाव्या लागत नाहीत. जिन्याने पळावंही लागत नाही. आणि जी कृपा आपल्याला त्याच शेजाऱ्याच्या दारात परत नेत नाही, ती स्वस्तवालीच समजावी.

असो. काल काकांची बेल वाजवली. म्हटलं, "काका, माझं चुकलं. काम वगैरे काही नव्हतं, आळस केला."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाईट वाटलं होतं रे मला." मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

मग त्यांनी चहा टाकला. कप हातात देताना म्हणाले, "गॅसचं केवायसी राहिलंय. बघतोस का?"

काल शनिवार होता. रविवारची वाट बघितली नाही.