राहुल: नाव सगळ्यांचं, वारसा कुणाचा?

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही शाळेचा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा पट उघडा. त्यात 'राहुल' सापडल्याशिवाय राहणार नाही. बऱ्याच वर्गांत तर एक नव्हे, दोन-तीन. एक पाटलांचा, एक जोश्यांचा, एक कांबळ्यांचा. हजेरी घेताना गुरुजींचं नुसतं 'राहुल' म्हणून भागत नसे, आडनाव जोडावंच लागे. त्याच शाळेच्या पटात आणखी दोन पिढ्या मागे जा, हे नाव औषधालाही मिळणं कठीण. मग मधल्या काळात असं काय घडलं?

हा प्रश्न आम्हाला पडला तो दोन बाजूंनी कानावर येणाऱ्या बोलण्यामुळे. वस्तीबाहेरचे म्हणतात, "राहुल हे काय बौद्धांचं नाव आहे का? ते तर सिनेमातलं." आणि वस्तीतलीच शिकलेली तरुण जोडपी म्हणतात, "ते नाव आता जुनं झालं. शिवाय त्याचा अर्थ म्हणे बेडी. आणि राहुल कांबळे म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही." पहिलं बोलणं अज्ञानाचं आहे, दुसरं भीतीचं. दोन्हींना उत्तर द्यायला हवं.

आधी सिनेमाचं बघू. 'डर' आला १९९३ साली, 'दिल तो पागल है' १९९७ साली, 'कुछ कुछ होता है' १९९८ साली. या तिन्हींत शाहरुख खानच्या पात्राचं नाव राहुल आहे, हे खरं. पण पोरगा जन्मल्यावर सिनेमा येऊन त्याचं बारसं करत नाही. राहुल द्रविडचा जन्म १९७३ सालचा, राहुल गांधींचा १९७० सालचा. त्रिपुराच्या राजघराण्याशी नातं असलेल्या बर्मन कुटुंबात राहुल देव जन्मला १९३९ साली. त्याच्याही आधी, १९३० साली, आझमगडच्या केदारनाथ पांडे या ब्राह्मण घरातल्या माणसाने श्रीलंकेत भिक्खू संघाची दीक्षा घेतली आणि राहुल हे नाव धारण केलं. तेच महापंडित राहुल सांकृत्यायन. श्रीलंकेतले भिक्खू तर हे नाव कित्येक शतकं लावत आले आहेत. म्हणजे सिनेमावाल्यांनी हे नाव जन्माला घातलं नाही, चालतं नाव उचललं. यातली कुठलीही वाट धरून मागे जा, शेवटी कपिलवस्तूच्या एकाच मुलापाशी पोहोचाल. सिद्धार्थ आणि यशोधरेचा मुलगा राहुल. तेव्हा नाव 'सिनेमातलं' म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात ठेवावं की त्यांच्या घरातल्या राहुलला ते रोज बुद्धाच्या मुलाच्या नावानेच हाक मारतात.

पण आमच्या वस्तीत हे नाव ज्या वाटेने आलं ती वाट वेगळी आहे. ती १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरवरून येते.

त्याआधी आमच्या आज्या-पणज्यांची नावं काय होती? दगडू, धोंडी, कचरू, भिका, केरबा. कुणी म्हणेल, अशी नावं इतर जातींतही ठेवत. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून दगड-धोंडा नाव ठेवायची रीत सगळीकडे होती. मान्य. पण फरक नावात नव्हता, हाकेत होता. वरच्या आळीतल्या दगडूचा मोठेपणी दगडूबा, दगडूराव होई. महारवाड्यातला दगडू म्हातारा झाला तरी पाटलाचं शेंबडं पोर त्याला 'दगड्या' म्हणे, आणि म्हाताऱ्याने 'जी' म्हणायचं. ही रीत आभाळातून पडलेली नाही. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तिरस्कार वाटावा असं, हा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलेला आहे. शूद्रांची ही गत, तर वर्णाबाहेर टाकलेल्यांना कोण विचारतो! २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये जे पुस्तक जाळलं गेलं, त्यात आपल्या आज्याचं नावही अडकलेलं होतं, हे तरुणांनी विसरू नये. 'बलुतं' लिहिणाऱ्या दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. दगडू ते दया हे अंतर एका माणसाने एका आयुष्यात तोडलं. आपल्या समाजाला त्याला दोन पिढ्या लागल्या.

नावाचं मोल बाबासाहेबांइतकं कुणी ओळखलं? त्यांनी मुंबईत १९४६ साली कॉलेज काढलं, नाव दिलं सिद्धार्थ. औरंगाबादच्या कॉलेजला नाव मिळालं मिलिंद, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचं. स्वतःच्या घराला नाव दिलं राजगृह. दीक्षेच्या आधीच त्यांनी बौद्ध परंपरेतली नावं आपल्या जिभेवर आणून ठेवली होती. दीक्षेनंतर समाजाने तीच नावं पाळण्यात आणली. सिद्धार्थ, गौतम, आनंद, अशोक, मिलिंद आणि राहुल. त्यासाठी कुणी फतवा काढला नव्हता. निरक्षर आया-बापांनी हा निर्णय स्वतः घेतला.

साताऱ्याच्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचं नाव घातलं गेलं: भिवा रामजी आंबेडकर. आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातली एक ओळ काय करू शकते याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि नाव किती खोल जखम करतं याचाही पुरावा याच जिल्ह्यात आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुसा' नावाच्या २८० हून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली. नावात काय आहे असं विचारणाऱ्यांनी त्या मुलींना विचारावं.

आता अर्थाचं बघू. इंटरनेटवर राहुलचा अर्थ शोधला तर कुठे 'कार्यक्षम' मिळतो, कुठे 'सर्व दुःखांवर मात करणारा'. या अर्थांना आधार कशाचा, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. जातकाच्या निदानकथेत सांगितलंय की मुलगा झाल्याची बातमी ऐकून सिद्धार्थाच्या तोंडून 'राहु जन्मला, बंधन जन्मलं' अशा अर्थाचे शब्द निघाले आणि त्यावरून शुद्धोदनाने नातवाचं नाव राहुल ठेवलं. दुसऱ्या एका बौद्ध परंपरेत जन्मावेळी ग्रहण लागलं होतं म्हणून हे नाव पडलं. म्हणजे नावाच्या उगमावर जुन्या ग्रंथांतच एकवाक्यता नाही.

मग आपण कुणाचं ऐकायचं? १९५७ साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. त्यात यशोधरेला मुलगा झाला, त्याचं नाव राहुल ठेवलं, एवढंच येतं. बेडी नाही, ग्रहण नाही. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून मध्यरात्री बायकोपोराला टाकून गेलेला सिद्धार्थ बाबासाहेबांनी नाकारला. त्यांचा सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेलं युद्ध नाकारतो, त्याची किंमत म्हणून घर सोडतो, आणि यशोधरा ते समजून घेऊन त्याला संमती देते. आटपाडीच्या पाणी परिषदेला बसलेल्या सांगलीकराला पाण्यावरचं भांडण काय असतं हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. या कथेत मुलगा बापाच्या पायातली बेडी नाही. बाप लढाईला नाही म्हणतो, त्याचा हा मुलगा आहे. बेडीचा अर्थ सांगून तुम्हाला लाजवणाऱ्याला एवढंच विचारा: तू जातककथा वाचलीस, बाबासाहेब कधी वाचणार?

राहुलची खरी ओळख पुढे आहे. बुद्ध कपिलवस्तूला परतले तेव्हा यशोधरेने मुलाला त्यांच्याकडे वारसा मागायला पाठवलं. त्या पोराने मागे मागे जात वारसा मागितला. त्याला राज्य मिळालं नाही, सारिपुत्ताच्या हातून धम्माची दीक्षा मिळाली. म्हणजे राहुल हे वारसा मागणाऱ्या मुलाचं नाव आहे. आणि आपल्या बापजाद्यांचा वारसा काय होता? महारकी. गावाची फुकटची चाकरी बापाकडून पोराकडे जायची, त्याला वतन म्हणायचं. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. एकीकडे वतन गेलं आणि दुसरीकडे पाळण्यात राहुल आला, दोन्ही एकाच सुमारास. वतनदार महाराच्या नातवाचं नाव राहुल ठेवणं म्हणजे जुना वारसा फेकून नवा मागणं होतं. त्या आजीला पाली येत नव्हती, पण हे तिला कळत होतं.

आणि त्याच पाळण्याशी आज काय चाललंय? बौद्ध घरातलं जोडपं मुलाच्या जन्माची वेळ मोबाइलमध्ये घालून राशीचं अक्षर काढतं. 'रा' आलं तर तूळ रास, मग राहुल चालेल. 'मे' आलं तर चालणार नाही. भटजीला दारात येऊ द्यायचं नाही म्हणून ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या घरात तोच भटजी अ‍ॅपमधून शिरला आणि दक्षिणा म्हणून जाहिराती दाखवून गेला. आम्ही नव्या नावांच्या विरोधात नाही. आरव ठेवा, विहान ठेवा, तुमच्या मुलाचं नाव ठरवायला आम्ही कोण? पण अक्षर पंचांगातून येत असेल तर नाव 'प्रबुद्ध' ठेवलं तरी ते पंचांगाचंच.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड. नाव लपवण्याचा. पुण्यात खोली बघायला गेलेल्या मुलाला घरमालक पहिलं नाव विचारतो, मग पूर्ण नाव, मग गाव, मग "तुमच्यात कोण कोण असतं?" सांगली, मिरज, कराडमध्येही हे प्रश्न चुकत नाहीत. ज्याला रात्री डोक्यावर छप्पर हवंय, त्याने काय उत्तर दिलं यावरून आम्ही त्याला दोष देणार नाही. गुन्हा विचारणाऱ्याचा आहे. पण या प्रश्नांचा क्रम नीट बघा. पहिल्या नावावर मालकाचं समाधान का होत नाही? कारण राहुल आता सगळ्यांच्या घरात आहे. पूर्वी नुसत्या नावावरून जात कळायची, आता कळत नाही. हे नाव सर्वांत पसरलं यात आपलं काही हरवलं नाही. उलट गावगाड्याची एक खूण निकामी झाली. पण जात थांबली नाही, ती आडनावात, पत्त्यात, गल्लीच्या नावात जाऊन बसली. २०२० साली राज्य सरकारला वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घ्यावा लागला तो उगाच नाही. म्हणूनच राहुलच्या जागी आरव ठेवून जात चुकवता येईल या भ्रमात राहू नका. आरव कांबळेलाही पुढचा प्रश्न येणारच. मग हातात उरेल काय? जात गेलेली नसेल, आणि बाबासाहेबांनी दिलेली कथाही गेलेली असेल.

मज्झिम निकायात एक सुत्त आहे, अंबलट्ठिक राहुलोवाद. त्यात बुद्ध भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून राहुलला सांगतात की जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नसलेल्या माणसाचं श्रमणत्व एवढंसंच उरतं. थट्टेतही खोटं बोलू नये, आणि आरशात तोंड बघावं तसं प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासावी. सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात उपदेश कोरून ठेवले, त्यात राहुलला केलेला हा उपदेश आहे. ज्याचं नाव राहुल, त्याच्या नावाची सनद अशी दगडात कोरलेली आहे. दगडू नावाच्या आज्याचा नातू राहुल झाला, तो या दगडाचा वारस झाला.

तेव्हा सातारा-सांगलीतल्या आमच्या राहुलांनो, आणि उद्या ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्या मित्र-मैत्रिणींनो, तीन गोष्टी करा. आपल्या नावाची गोष्ट रोहिणीच्या पाण्यापासून वारशापर्यंत पाठ असू द्या. नामकरणाच्या दिवशी त्रिसरण-पंचशील झाल्यावर जमलेल्या लोकांना नाव का निवडलं ते दोन वाक्यांत सांगा, म्हणजे पंचांग विचारणाऱ्याला परस्पर उत्तर मिळेल. आणि वरच्या आळीतला राहुल भेटला तर त्याला त्याच्या नावाचा मालक कोण ते सांगा. प्रेमाने सांगा, पण सांगा. त्याला हाक मारताना जे नाव तोंडात येतं ते जात न मानणाऱ्या संघात शिकलेल्या मुलाचं आहे, हे त्याला कळू द्या. मग आडनाव विचारायचं की नाही, ते त्याने ठरवावं.

जयभीम.