कचरागाडीवरच्या माणसाचं पुढे काय झालं?

'घोस्ट इन द शेल' या जपानी ॲनिमेशनपटावर चर्चा होते ती मेजर कुसानागीची. तिचं यंत्राचं शरीर, तिचा 'मी कोण?' हा प्रश्न. मला मात्र त्यातला कचरागाडीवरचा कामगार विसरता येत नाही.

मामोरू ओशी यांचा हा चित्रपट १९९५ चा, पण गोष्ट २०२९ सालची. माणसांचे मेंदू थेट नेटवर्कला जोडलेले आहेत, म्हणून ते हॅकही होतात. हा कामगार रोज ठरलेल्या रस्त्याने कचरा उचलतो. बायकोच्या मनात काय आहे ते कळावं म्हणून वाटेतल्या सार्वजनिक फोनवरून कुणीतरी दिलेला प्रोग्राम चालवतो. प्रत्यक्षात त्याच्या हातून दुसऱ्याच कुणासाठी हॅकिंग चाललेलं असतं. पकडल्यावर त्याला सांगतात : तुला बायको नाही, मुलगी नाही, तू एकटाच राहतोस. जपून ठेवलेल्या फोटोतही मुलगी नाही. खोट्या आठवणी पुसून खऱ्या परत मिळतील का? तशी खात्री कुणी देत नाही.

हॅकरने नेमका कचरागाडीवाला का निवडला असेल? मला वाटतं, तो शहरभर फिरतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही म्हणून.

मेजरही पूर्ण मोकळी नाही. आपण नोकरी सोडली की लॅपटॉप परत करतो. तिला शरीर परत करावं लागेल आणि त्याबरोबर काही आठवणीही. ज्याला 'पपेट मास्टर' म्हणतात तो तर सरकारनेच हेरगिरीसाठी बनवलेला प्रोग्राम. तो राजकीय आश्रय मागतो, तेव्हा अधिकारी म्हणतात, तू नुसता प्रोग्राम आहेस. दाखल्यासाठी कचेरीच्या खेपा घातलेल्या घरांना हा सूर ओळखीचा वाटेल. आपण आहोत हे दरवेळी आपणच सिद्ध करायचं!

शेवटी मेजर त्याच्यात विलीन होते, जुनी ओळख मागे टाकते आणि अफाट नेटवर्ककडे बघते. दृश्य देखणं आहे, पण माझी तक्रार इथेच आहे. ओळख ओलांडायची मुभा तिला मिळाली. कामगाराची ओळख कुणीतरी पुसली, आणि तपासाचा धागा मिळाल्यावर चित्रपटही त्याच्याकडे परत वळला नाही.

घरातल्या पहिल्या पदवीधराला हमखास सल्ला मिळतो : मागचं विसर, पुढे बघ. स्वतःहून काही मागे ठेवणं वेगळं आणि आपल्या आठवणींच्या जागी दुसऱ्याने लिहिलेली गोष्ट बसणं वेगळं. आपल्या आजीआजोबांचं जगणं बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर नाही, ते फक्त त्यांच्या बोलण्यात आहे. त्यांच्याबरोबर ते गेलं, तर ती रिकामी जागा भरायला कुणी हॅकरही लागणार नाही.

चित्रपट जरूर बघा. पण त्याआधी आजीजवळ बसा, ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.