थोरली करिझ्मा आणि धाकटी

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा राजमार्ग पौषातल्या पहाटे धुक्यात बुडालेला असतो, आणि मानेसर मागे टाकून निघालेल्या स्वाराला पुढच्या ट्रकचा तांबडा दिवा एवढाच काय तो आधार उरतो; अशा वेळी वाहनाच्या रूपाहून त्याच्या भरवशाचे मोल अधिक वाटते. २००३ साली हीरो होंडाने आणलेल्या करिझ्मा या मोटारसायकलने राजधानीतील तरुणांच्या एका पिढीला लांबच्या प्रवासाचा छंद लावला, तो या भरवशाच्या बळावरच. तेच नाव देऊन ऑगस्ट २०२३ मध्ये हीरो होंडाची उत्तराधिकारी असलेल्या हीरो मोटोकॉर्पने करिझ्मा एक्सएमआर बाजारात आणली, तेव्हा थोरलीचा वारसा धाकटीकडे कितपत आला, याचा निवाडा करणे प्राप्त झाले.

सामर्थ्याच्या बाबतीत वादाला जागाच नाही. थोरलीचे इंजिन २२३ सीसीचे, वाऱ्यावर थंड होणारे, आणि शक्ती सुमारे १७ अश्वशक्ती. धाकटीचे २१० सीसीचे असूनही द्रवशीतन, चार झडपा आणि सहा गिअर यांच्या योगाने ते साडेपंचवीस अश्वशक्ती देते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच चाक जखडू न देणारी दोन्ही चाकांवरील एबीएस यंत्रणा तर प्राण वाचवणारी सुधारणा होय, आणि तिच्यापुढे थोरलीच्या मागच्या चाकातील ड्रम ब्रेकचा कैवार कोणीही घेऊ नये.

परंतु लांबच्या प्रवासाच्या वाहनाची खरी कसोटी वेगाची नसून पल्ल्याची असते. थोरलीच्या टाकीत १५ लिटर पेट्रोल मावे. लिटरमागे ३५ किलोमीटर धरले, तरी जयपूर करून परतणारा स्वार पंपावर न थांबता दिल्लीच्या अलीकडचे धारूहेडा ओलांडीत असे. धाकटीची टाकी ११ लिटरची. त्याच हिशेबाने परतीच्या वाटेवर कोटपुतलीपाशीच तिला पंप शोधावा लागतो. पल्ल्याइतकाच प्रश्न वाटेतल्या दुरुस्तीचाही आहे. दिल्लीच्या करोलबागेतील नाईवाला गल्लीत आजही एखादा वयस्क मिस्त्री पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून, त्याची मूठ कानाशी धरून, केवळ आवाजावरून दोष ओळखताना दिसतो. जे यंत्र असे आपली कैफियत मिस्त्रीच्या कानी घालते, त्याच्यासह आडगावीही स्वार निर्धास्त असतो. धाकटीसारख्या, संगणकाच्या जोडणीवाचून मुके राहणाऱ्या यंत्राबद्दल तशी निश्चिंती वाटत नाही.

मग जुनीच बाळगावी, असे दिल्लीत निर्धास्तपणे म्हणता येत नाही. पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्या अंमलबजावणीचा हुकूम दिला; आणि कार्तिक-मार्गशीर्षात या शहरातील मुलांचे खोकणे ज्याने ऐकले आहे, त्याला त्या मनाईमागील हेतू नाकारता येणार नाही. म्हणूनच कारखानदारांवरील जबाबदारी वाढते. थोरलीला सेवानिवृत्त व्हावे लागणार असेल, तर धाकटीने तिचे केवळ नाव न घेता तिचा पल्ला आणि वाटेतल्या कोणाही मिस्त्रीच्या हाताला साथ देण्याचा गुणही घ्यावा. चार लिटरांनी मोठी टाकी ही काही अलौकिक मागणी नव्हे; एका दमात घरी परतण्याचे जे आश्वासन थोरलीने दिले होते, तेवढेच या नावाकडून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.